महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावरच्या मशीनगन

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याची चित्रं नेटवर भरपूर सापडतात, पण अनेकांत मुख्य गोष्टच चुकलेली असते. त्यावरच्या दोन मशीनगन म्हणजे कुठल्याही बंदुका नव्हेत, त्या विकर्स मीडियम मशीनगन आहेत. वर वाकडं मॅगझिन दाखवलं की ती ब्रेन ही हलकी मशीनगन झाली, आणि ब्रेन तर त्या काळी ब्रिटिश-भारतीय सैन्यातल्या जवळपास प्रत्येक पायदळ तुकडीकडे असायची.

विकर्स ओळखायची ती नळीभोवतीच्या जाड जॅकेटवरून. त्यात सुमारे ४ लिटर पाणी असे. सतत मारा केला की साधारण ६०० गोळ्यांनंतर ते उकळू लागे, म्हणून वाफ रबरी नळीतून डब्यात नेऊन थंड करत आणि तेच पाणी पुन्हा वापरत. गोळ्या २५० च्या कापडी पट्ट्यातून जात. बिल्ला रेखाटताना जॅकेटवरच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या खाचा नाही दाखवल्या तरी बिघडत नाही, कारण गुळगुळीत जॅकेटंही होती. जाडी आणि खालचा ट्रायपॉड मात्र गाळायचा नाही. ट्रायपॉड गेला की जड, एका जागी रोवून चालवायची मशीनगन हा अर्थच जातो.

या मशीनगन बिल्ल्यावर पहिल्यापासून नव्हत्या. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला पहिली बटालियन उभी राहिली. त्या काळच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता आणि 'महार' हा शब्द. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा तो स्तंभ, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते म्हणून. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, तेव्हा स्तंभावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन विकर्स आल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला.

म्हणून जुना बिल्ला हाती आला तर आधी मध्यभाग बघा. नुसता स्तंभ असेल तर १९४६ च्या आधीची रचना, स्तंभ आणि मशीनगन दोन्ही असतील तर मशीनगन काळाची, खंजीर असेल तर त्यानंतरची. ही कसोटी रचनेपुरतीच. नक्कल कधीही ओतता येते.

१९६० च्या दशकात रेजिमेंट साध्या पायदळात बदलली, मशीनगन मात्र बिल्ल्यावर राहिल्या. मला हे योग्यच वाटतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावरचं बिगुलही तसंच जुन्या कामाची खूण आहे.