सिक्स बाय सिक्स, पण लाल फिका
रुग्ण २९ वर्षांची. उजवा डोळा धूसर झाल्याचा नववा दिवस. नजर बाजूला वळवली की डोळ्यामागे दुखतं, हे तिने आधीच्या डॉक्टरांनाही सांगितलं होतं. पडदा स्वच्छ दिसला म्हणून त्यांनी कोरडेपणाचे थेंब देऊन घरी पाठवलं. ऑप्टिक न्यूरायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या, तीनपैकी साधारण दोन रुग्णांत सुरुवातीला पडदा नॉर्मलच असतो, सूज मागे नसेत असते. शिकलेले सगळेच असतात हे. ओपीडीच्या घाईत आठवत नाही.

आमच्याकडेही सहायकाने रांग पुढे सरकावी म्हणून बाहुली मोठी करायचे थेंब हातात घेतलेच होते. ते पडले असते तर सगळ्यात भरवशाची खूण काही तासांसाठी पुसली गेली असती. खोलीत अंधार केला, तिला लांब बघायला लावलं. टॉर्च डाव्या डोळ्यावर: दोन्ही बाहुल्या आकसल्या. तीन सेकंदांनी झटकन उजव्यावर: दोन्ही पसरल्या, म्हणजे उजवी नस उजेडाचा संदेश कमी पोचवते. मग बाटलीचं लाल टोपण दाखवलं. डाव्याने लालभडक, उजव्याने ‘विटलेलं’. उजव्याची नजर एक मीटरवरची बोटं मोजण्यापुरती.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘ब्रेन’ लिहून भागत नाही. डोळ्याच्या खोबणीचा, चरबीचा सिग्नल दाबून, कॉन्ट्रास्टसह मागावा लागतो, नाहीतर चकाकणारी नस चरबीच्या पांढऱ्यात हरवते. तिची नस चकाकली. मेंदूत डाग नव्हते. अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग या, नसेवर हल्ला करणाऱ्या वेगळ्या आजारांची खूण असणाऱ्या, अँटिबॉडींसाठी रक्त स्टेरॉइडच्या आधीच घेतलं.

‘गोळ्याच द्या ना’, नातेवाइकांनी विचारलं. १९९२च्या मोठ्या चाचणीत किलोमागे १ मिलिग्रॅमच्या नुसत्या गोळ्यांनी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं होतं, त्यामुळे तो रस्ता बंद. साखर, बीपी, पोटॅशियम बघून, कुठे जंतुसंसर्ग नाही ना याची खात्री करून १ ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन सलाइनमधून तासाभरात, असे तीन दिवस. घाईने सोडलं तर हृदयाची लय बिघडू शकते. तोंडाला धातूची चव आणि रात्री टक्क जाग, एवढंच तिला झालं. पुढे ११ दिवस गोळ्या, मग चार दिवसांत कमी करत बंद. अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या, म्हणून इतक्यावर थांबता आलं.

तिसऱ्या दिवशी ६/३६, दोन आठवड्यांनी ६/१२, सहाव्या आठवड्यात ६/६, म्हणजे तक्त्यावर नॉर्मल नजर. घरचे स्टेरॉइडवर खूश. पण त्याच चाचणीत सहा महिन्यांनंतरची तक्त्यावरची नजर औषध घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची जवळपास सारखीच होती. शिरेतून दिलेलं स्टेरॉइड मुख्यतः वेग वाढवतं. हे मी दोनदा सांगितलं, कुणाला पटलेलं दिसलं नाही.

ती मात्र म्हणाली, ‘डॉक्टर, अक्षरं सगळी वाचते, पण या डोळ्याने सगळं धुतल्यासारखं दिसतं.’ फिक्या अक्षरांच्या तक्त्यावर उजवा डोळा डाव्याच्या बराच मागे पडला. व्हीईपीतली (डोळ्याचा संदेश मेंदूत पोचायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या तपासणीतली) लाट उंचीला चांगली, पण उशिरा येणारी: मायलिन, म्हणजे नसेतल्या तंतूंवरचं वेष्टण, पूर्ण सावरलेलं नाही. टोपण पुन्हा दाखवलं. ‘डावं शंभर धरलं तर उजवं सत्तर.’

जाताना तिने विचारलं, ‘जिने चढले की धूसर होतं, परत आलं का?’ दम खाल्ला, अंग निवलं की दहा मिनिटांत साफ होतं म्हणे. उष्णता वाढली की अर्धवट सावरलेल्या नसेतून संदेश अडखळतो. हा नवा झटका नव्हे. हे सलाइन चालू असतानाच सांगायला हवं होतं. दोन आठवडे ती जिना टाळत होती.