वकीलबाई घरी गेल्यावर

सोमवार

'कोर्ट' आज घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. चैतन्य ताम्हाणेंचा हा पहिला सिनेमा 2014 चा. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस, मग सुवर्णकमळ, मग भारतातर्फे ऑस्करला. लेकीला बारावीनंतर कायदा शिकायचाय, म्हणून तिनेच हट्टाने लावला. आम्ही ताटं घेऊनच बसलो होतो. हात वाळले तरी कुणी उठेना.

नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर खटला चाललाय. त्यांचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला, असा आरोप. शाहिराच्या भूमिकेत वीरा साथीदार, गाणी संभाजी भगतांची. खटल्यात नाट्यमय असं काही घडत नाही. तारखा पडतात, साक्षीदार येत नाहीत, आरोपपत्र वाचलं जातं, पुन्हा तारीख.

मग वासुदेवच्या बायकोची साक्ष होते. पत्ता सांगावा तशा आवाजात ती सांगते, की उतरायच्या आधी तो आत खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली, की आत हवा आहे असं समजून उतरायचा. वास सहन व्हावा म्हणून दारू प्यायचा. एक डोळा कामातच गेलेला. कॅमेरा जागचा हलत नाही, मागे संगीत नाही, तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. ही भूमिका उषा बने यांची. खऱ्या आयुष्यातही त्या अशाच कामगाराच्या पत्नी. खड्याचं वाक्य आलं तेव्हा सासूबाई नुसतं "अगं बाई" म्हणाल्या आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.

माझ्या डोक्यात मात्र सरकारी वकीलबाई बसल्यात. गीतांजली कुलकर्णींनी ती बाई केलीय. कोर्टात ती कलमं भराभर वाचून दाखवते आणि म्हाताऱ्या माणसाचा जामीन अडवते. आता घटका-दोन घटका तिचा राग करायचा, असं मी ठरवत होते, तेवढ्यात कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलमध्ये चढला. डब्यात शेजारणीशी बोलणं, वाटेत मुलाला घेणं, घरी आल्याआल्या स्वयंपाक, सगळ्यांना वाढणं. सुट्टीच्या दिवशी घरचे सगळे मिळून मराठी नाटकाला जातात, आणि त्या नाटकात परप्रांतीय होणारा जावई घराबाहेर काढला जातो तेव्हा प्रेक्षागृहात टाळ्या पडतात.

ऐरोलीचं ऑफिस सुटलं की मीही ट्रान्स-हार्बरच्या बायकांच्या डब्यात असते. ठाण्याला उतरून पुलावरच्या गर्दीतून पश्चिमेला येईपर्यंत डोक्यात भाजी काय करायची हेच चालू असतं. त्यामुळे तिचं ते घर मला इतकं ओळखीचं वाटलं, की अंगावर काटा आला. सिनेमा तिला माफ करत नाही. ती दमलेली आहे, घरात प्रेमाची आहे, आणि एका निरपराध माणसाला तुरुंगात ठेवण्यात तिला काही गैर वाटत नाही. हे सगळं एकाच बाईत मावतं. एरवी पडद्यावर वकील, पोलीस, डॉक्टर काम संपलं की जणू विरून जातात. काम सुटल्यावर माणूस कुठे जातो, काय खातो, कुणावर ओरडतो, हे कळेपर्यंत मला तो कळलाच नाही असं वाटतं.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. दिवे बंद होतात, दारं लागतात, पडदा काळा होतो. नवरा रिमोट घेऊन उठलासुद्धा. पण सिनेमा पुढे चालू राहतो आणि न्यायाधीश सहलीला निघतात! तिथे ते एका ओळखीच्या माणसाला, मुलाच्या आजारावर अंगठीत कोणता खडा घालावा, हे सांगतात. वासुदेवच्या हातातला खडा आणि हा खडा. हे जाणूनबुजून केलंय की मलाच तसं दिसलं, कोण जाणे. झोपताना लेक म्हणाली, "मम्मा, मला हेच शिकायचंय. पण असं करायला नाही."

मंगळवार

पाणी उशिरा आलं, काही पाहिलं नाही. सासूबाईंची संध्याकाळची मालिका कानावर पडत होती. त्यांना त्यातली माणसं रोज भेटतात, त्यांची काळजी वाटते, आणि त्या काळजीचा मला आदर आहे. तक्रार आहे ती लिहिणाऱ्यांकडे. त्या घरातलं कुणी कामावरून दमून येत नाही, कुणाची गाडी चुकत नाही, गॅस संपत नाही. ज्या बायका दिवसभर राबून मालिका बघायला बसतात, त्यांचं राबणंच तिथे गायब असतं.

गुरुवार

गीतांजली कुलकर्णींचं आणखी काय आहे ते शोधताना 'सर' सापडला. रोहेना गेरांचा, 2018 मध्ये कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेलेला आणि आपल्याकडे 2020 मध्ये लागलेला. यात त्या लक्ष्मी आहेत, नायिकेच्याच इमारतीत काम करणारी तिची मैत्रीण. मुख्य भूमिका तिलोत्तमा शोमची. रत्ना ही गावाकडची तरुण विधवा, मुंबईत एका बिल्डरच्या मुलाकडे घरकामाला राहते. तो मुलगा, अश्विन, म्हणजे विवेक गोम्बर, 'कोर्ट'मधला बचावाचा वकील.

सुरुवातीलाच रत्ना गावाहून मुंबईला परत निघते आणि वाटेत हातात बांगड्या चढवते. गावात विधवेला घालता येत नाहीत, शहरात कुणी विचारणार नाही. एक शब्द न बोलता तिचं गाव, तिचं सासर आणि मुंबईनं तिला काय दिलं, ते सगळं कळतं. माझ्यासाठी सिनेमा तिथेच जिंकला.

पुढची प्रेमाची गोष्ट मला तितकी पटली नाही. दिग्दर्शिका ती फार जपून हाताळते, तरी अश्विन जरा जास्तच समजूतदार वाटतो. रत्ना शिवणकाम शिकायला बाहेर पडते, बहिणीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकते, रात्री स्वयंपाकघरालगतच्या खोलीत शिवत बसते, ते सगळं मात्र खणखणीत. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या ताई सकाळी सातपासून तीन घरं करतात. नवऱ्याने विचारलं, की त्यांच्या मुलांची नावं तुला माहीत आहेत का? आहेत. दोघांची. धाकटा वर्तकनगरच्या शाळेत आहे. पण त्या स्वतः दुपारी कुठे बसून जेवतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. उद्या विचारणार आहे.

शुक्रवार

'गुल्लक'चे दोन भाग. हे हलकं आहे आणि मला आवडतं. 2019 ला सुरू झालेली मालिका, उत्तरेतल्या लहान शहरातलं मिश्रांचं घर, वडील वीजखात्यात. घरातला पैसे साठवायचा गल्लाच गोष्ट सांगतो. इथेही गीतांजली कुलकर्णी आहेत, शांती मिश्रा होऊन. वकीलबाईचा कोरडा चेहरा कुठे आणि ही तोंडाने अखंड तोफ चालवणारी आई कुठे! वडील झालेल्या जमील खानबरोबर त्यांची भांडणं ऐकताना नवरा माझ्याकडे बघून हसत होता. एवढंच म्हणेन, की दर भागाच्या शेवटी सगळं गोड करायची घाई होते. घरातलं सगळंच त्या रात्री मिटत नाही.

शनिवार

'द ग्रेट इंडियन किचन'. जिओ बेबींचा मल्याळम सिनेमा, 2021 चा. निमिषा सजयन नवी सून, सुरज वेंजारमूडु तिचा शिक्षक नवरा. सासूबाईंना पडद्याखालच्या ओळी वाचायला जड जातं, म्हणून मी बसून सांगणार होते. गरजच पडली नाही. चिरणं, परतणं, निथळवणं, पुसणं, ताटांभोवती टाकलेल्या शेंगा उचलणं, त्यात भाषेचं काय काम! तिच्या सासऱ्यांना चटणी पाट्यावरची हवी, भात चुलीवरचा, कपडे हाताने धुतलेले. त्यांचा आवाज कधी चढत नाही. फार प्रेमाने मागतात.

मोरीचा पाइप गळतोय. प्लंबर बोलवा म्हणून ती नवऱ्याला सांगते, तो विसरतो. ती खाली बादली ठेवते. सासूबाईंचं सगळं लक्ष त्या बादलीवर. "अगं, भरली बघ. काढायला हवी आता." मग आपोआप बोलायला लागल्या. नौपाड्याच्या जुन्या घरात मोरी तुंबली, की घरातले पुरुष बाहेर जाऊन बसायचे आणि त्या काठी घालून ती मोकळी करायच्या. आमच्या लग्नानंतर इतकी वर्षं त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नवीन होतं. तो गप्प ऐकत होता.

शेवटी ती ते घाण पाणी नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या अंगावर फेकते आणि घर सोडते. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, हे जास्त झालं, बोलून सांगता आलं असतं. मी म्हटलं, पाइपबद्दल ती पूर्ण सिनेमाभर बोलूनच सांगत होती.

मला खटकलं ते त्याच्या पुढचं. ती नृत्य शिकवताना दिसते, आणि इकडे त्याने दुसरं लग्न केलंय, नवी बायको त्याच ओट्याशी उभी आहे. माझ्या मते ओट्याशी उभी असलेली ती दुसरी बाई दाखवून संपवायला हवं होतं. नाचाचा भाग सुटकेची जाहिरात केल्यासारखा लांबतो, दिवे, वेशभूषा, सगळं फार चकचकीत.

सासूबाई एकदम बोलल्या, "छे! नाच हवाच. बाहेर पडून तिला काय मिळालं, ते दिसायला नको?"

मी दुसऱ्या बायकोचं पुन्हा पटवायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ती दुसरी मला माहीत आहे. मला पहिलीचं पुढे काय झालं, ते बघायचं होतं."