पल्याडच्या काठावरचं घर: आधी पाणी, मग गॅस, मग काचेच्या खिडक्या

साताऱ्यातल्या बामणोली-तापोळ्याकडे शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठाने आता देखणे बंगले उभे राहू लागलेत. त्यांतले काही पल्याडच्या काठावर आहेत, म्हणजे सामानासकट लाँचने उतरायचं, स्वतःच रांधायचं आणि दोन दिवसांनी परत यायचं. असं घर भाड्याने द्यायचं असेल तर त्याची श्रीमंती सोफ्यावरून मोजू नका. रात्री आठला कुकरची रिंग फाटली किंवा नळाला पाणी आलं नाही, तरी पाहुण्याचं काही अडू नये, ही तिथली खरी चैन. दुकान पाण्यापलीकडे असतं आणि अंधार पडल्यावर लाँच मिळेल हे गृहीत धरता येत नाही.

सगळ्यांत जास्त चुका पाण्यात होतात. समोर सुमारे १०५ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) कोयना धरण, मग पाण्याची काय चिंता, असं जागा घेताना वाटतं. पण ऑक्टोबरात पायरीला लागलेलं पाणी मे महिन्यात कित्येक मीटर खाली जातं. पोफळीकडे वीजनिर्मितीला आणि खाली कृष्णेत, म्हणजे सांगलीपर्यंत, ते सोडावं लागतं. मागे उरतो लाल चिखलाचा उतार. काठावर पक्क्या ओट्यावर बसवलेली मोटर तेव्हा कोरडी फिरते, कारण साधी सेंट्रिफ्यूगल मोटर प्रत्यक्षात ६-७ मीटरपेक्षा खालचं पाणी ओढत नाही. पाणी उपसायची परवानगी असेल तर मोटर तराफ्यावर ठेवा, म्हणजे ती पाण्याबरोबर खाली-वर होईल आणि लवचीक पाइप तेवढा वाढवत न्यायचा. विहीर किंवा बोअर असेल तर तेच बरं. बंगल्याच्या फोटोंत मे महिन्याचाही एक फोटो ठेवा. पाहुण्याला आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

साठा किती हवा? माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा हिशेब. सहा जणांना ८१० लिटर होतात, म्हणजे २,००० लिटरच्या टाकीत दोन दिवस निभतात. भरलेल्या टाकीत दोन टन वजन असतं आणि हा कोयनेचा पट्टा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच. म्हणून टाकीचं स्टँड विटांच्या चार खांबांवर नको. आरसीसीचं करा, खांब आडव्या बीमने एकमेकांना बांधा. त्याच कारणाने सिलिंडरला साखळी लावा आणि काचेच्या बरण्या खालच्या फळीवर ठेवा.

पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरते, पण पद्धत चुकते. १,००० लिटरला ५ ग्रॅम ताजी पावडर घ्यायची, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. अर्धा तास थांबल्याशिवाय नळ सोडायचा नाही. गढूळ पाण्यात हा डोस वायाच जातो, कारण क्लोरीन गाळातच खर्च होतो. तिथे आधी तुरटी फिरवून पाणी निवळून घ्यावं लागतं. उघड्या डब्यातली जुनी पावडर निकामी होते, तेव्हा लहान हवाबंद डबे आणा.

आंघोळीच्या पाण्याकडे फार लक्ष द्या. शॉवरपेक्षा टाकी ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. मोठ्या रेन शॉवरला १ बारच्या आसपास लागतो. कमी दाबाला गॅस गीझर पेटतच नाही आणि पाहुण्याला वाटतं गॅस संपला. त्यावर उपाय लहान प्रेशर पंप. गीझर मात्र कधीही बाथरूमच्या आत लावू नका. बंद खोलीत त्याची ज्योत प्राणवायू संपवते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. माणूस बेशुद्ध पडतो, आणि अशाने जीव गेलेत. गीझर बाहेरच्या भिंतीवर छपराखाली लावायचा, आत फक्त नळ. सोलर आमच्याकडच्या जुलैत उपयोगाचा नाही. अंगणातला तांब्याचा बंब पाहुण्यांना फार आवडतो, पण तोही उघड्यावरच आणि लाकूड विकत आणलेलंच. पल्याडचं बरंचसं जंगल कोयना अभयारण्यात येतं, तिथली काटकी उचलू नका.

भाड्याच्या घरात घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. सहा जणांचा स्वयंपाक-चहा दिवसाला पाऊण ते एक किलो गॅस खातो. सहा लिटरचा गीझर तासभर चालला तर जवळपास तेवढाच. हा दुसरा आकडा बहुतेकजण धरत नाहीत आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला शेगडी विझते. एक भरलेला सिलिंडर कायम राखीव हवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला जमिनीलगत जाळी ठेवा.

विजेचा हिशेब कागदावर करा. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. सहा दिवे, तीन साधे पंखे आणि वायफाय मिळून २८०-२९० वॉट होतात, म्हणजे जेमतेम तीन तास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारे, घेतले तर तेवढ्यातच पाच तासांपर्यंत निघतात. फ्रिज इन्व्हर्टरवर घालू नका. दार उघडलं नाही तर तो चारेक तास गार राहतो, तशी चिठ्ठी दारावर चिकटवा. इंडक्शन शेगडी या घरात नको. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं आणि वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. अर्थिंगच्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायचं.

आता स्वयंपाकघर. महागड्या नॉनस्टिक भांड्यांचा सेट पहिल्या महिन्यातच तारेच्या घासणीने संपतो. त्यापेक्षा भाकरीचा लोखंडी तवा, मोठी परात, पोळपाट-लाटणं, ५ आणि ३ लिटरचे कुकर, चहाचं पातेलं, दोन गाळण्या, विळी, खलबत्ता एवढं हवंच. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एका डब्यात ठेवा, त्यातच लायटर आणि काडेपेटी. धान्यही तुम्हीच ठेवणार असाल तर सहा जणांना दोन दिवसांसाठी सव्वा ते दीड किलो तांदूळ, दोन किलो ज्वारीचं पीठ (चोवीसेक भाकऱ्या), पाऊण किलो डाळ, लिटरभर तेल आणि पाव किलो कांदा-लसूण मसाला पुरतो. पीठ मात्र ताजं दळलेलं आणा. जुन्या पिठाचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना कडा चिरतात. तशी वेळ आलीच तर उकळतं पाणी घालून मळावं. बाजरीचं पीठ तर ठेवूच नका, ते लवकर कडू होतं.

पावसाळ्यापुरतं घर बंद ठेवणार असाल तर जूनमध्ये फ्रिजचं दार फडकं लावून अर्धवट उघडं ठेवा, गाद्या भिंतीपासून हातभर लांब उभ्या करा, कपाटं उघडी सोडा, मीठ-मसाले उचलून न्या. बंद कपाटातल्या चादरींना बुरशीचा असा वास लागतो की दोन धुण्यांतही जात नाही. दिवाळीआधी उघडताना टाकी घासायची, सगळे नळ दहा-दहा मिनिटं सोडून द्यायचे, मग टीसीएल. गीझरच्या बर्नरमध्ये आणि शेगडीच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलंय का, हे गॅस जोडण्याआधी बॅटरीच्या उजेडात बघून घ्या.