तुम्ही विचारलंत म्हणून: चालती डिझेल जीप का उघडली?

"चालत होती ना? मग उघडली कशाला?" गेली काही वर्षं हा प्रश्न पेट्रोल पंपावर, लग्नाच्या पंगतीत, अगदी बेअरिंग घ्यायला गेलं तरी दुकानाच्या काउंटरवर ऐकतोय. प्रत्येक वेळी उभ्याउभ्या अर्धंच उत्तर देता येतं आणि त्यावरून लोक ठरवतात की याला जुन्याचं वेड लागलंय. माझ्या जुन्या जीपमधलं चालतं डिझेल इंजिन काढून मी पुन्हा मूळ जातीचं पेट्रोल इंजिन घातलं; ते का, हे एकदा सगळं लिहून टाकतो.

आधी मान्य करतो: डिझेल इंजिन वाईट नव्हतं. लिटरला बारा-तेरा किलोमीटर जायचं, पार्ट तालुक्याच्या गावात मिळायचे, घाटात दम लागत नव्हता. मूळ पेट्रोल इंजिन ठाकठीक असलं तरी सहा-सातच्या वर सहसा जात नाही. ते इंजिन मीच उतरवलं आणि डिझेल मीच बसवून घेतलं. तेव्हा मी जे बोलायचो तेच आज तुम्ही मला ऐकवता, त्यामुळे तो युक्तिवाद मला पाठ आहे.

तेव्हा एक गोष्ट ठाऊक नव्हती. सगळ्यांसारखा मीही तिला 'विलिज' म्हणायचो. ती विलिज नाही. बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली चासीचा जो पहिला आडवा तुकडा असतो तो विलिज कंपनीच्या एमबी या मॉडेलला गोल पाइपचा असतो; फोर्डच्या जीपीडब्ल्यू या मॉडेलला उलट्या 'यू' आकाराचा, चौकोनी. ही चौकोनी. त्यानंतर बोल्ट तपासत गेलो. फोर्डने आपल्या बोल्टच्या डोक्यांवर आणि बऱ्याच सुट्या भागांवर इंग्रजी एफ अक्षर उठवलं होतं. मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ ग्रीसचा थर खरवडल्यावर पहिला एफ दिसला, पान्याने निम्मा झिजलेला. पुढे आणखी सापडत गेले. दुसऱ्या महायुद्धात ही गाडी दोन कंपन्यांनी एकाच नकाशावर बनवली: विलिजने सुमारे ३ लाख ६० हजार, फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार. पार्ट एकमेकांना बसतात, त्यामुळे ऐंशी वर्षांत सगळं मिसळून गेलंय. चासी मात्र खोटं बोलत नाही.

एमबीचा चासी नंबर डाव्या चॅनेलच्या (चासीच्या लांब उभ्या पट्टीच्या) आतल्या अंगाला, बंपरच्या मागे, रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. पट्टी निघून जाते, म्हणून बऱ्याच एमबींना आज नंबरच नाही. फोर्डने तो थेट लोखंडात ठोकला: डाव्या चॅनेलच्या वरच्या पृष्ठभागावर, इंजिनच्या पुढच्या फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं त्या आधाराच्या, आसपास. बॉनेट उघडलं की वरून दिसावा अशा जागी. आणि फोर्डच्या कारखान्यातून गाडी निघताना इंजिनवर, ऑइल फिल्टरपाशी, हाच नंबर असायचा. चासी आणि इंजिन एकाच नंबरचे.

आता फाउंडेशन ही जागा पुन्हा वाचा.

डिझेल इंजिन रुंदीला वेगळं, वजनाला जड. मूळ फाउंडेशनवर ते बसत नाही. म्हणून चॅनेलवर सहा मिलिमीटरची प्लेट ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं गेलं. काम पक्कं होतं, वेल्डरची काही चूक नव्हती. जागा मी दाखवली होती. खाली काय आहे हे बघायला पाच मिनिटं, पेंट रिमूव्हर आणि एक नायलॉनचा ब्रश पुरला असता. नंबरावर रंगाचे थर होते, एवढंच.

ती प्लेट काढायला तीन दिवस घेतले, कारण घाई केली तर जे उरलंय तेही जाणार हे कळत होतं. गॅस कटर लावला नाही. एक मिलिमीटरच्या कटिंग डिस्कने वेल्डिंगची शीर चॅनेलपासून दोन मिलिमीटर वर कापली. प्लेट उचलल्यावर उरलेली कड ८० नंबरच्या फ्लॅप डिस्कने अर्ध्यापर्यंत आणली, पुढचं सगळं कानसीने. मशीन हातात असलं की लोखंड कुठे संपतं आणि वेल्ड कुठे सुरू होतो ते कळत नाही. कानसीला कळतं, वेल्डचं लोखंड कडक लागतं आणि आवाज बदलतो. मग बॅटरीचा उजेड जवळजवळ आडवा धरून पाहिलं. जी, पी, डब्ल्यू ही तीन अक्षरं दिसली. पुढे १. पुढे ६. त्यानंतर वेल्डची शीर, तिच्या आतून एका अंकाचा वरचा गोलावा, बाकी काही नाही.

लोकांनी सांगितलं, ॲसिड लाव, नंबर वर येतो. ते खरंच येतं, पण कधी ते समजून घ्या. ठसा ठोकताना त्याच्या खालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा अंक घासला गेला तरी तो दाबलेला थर खोलवर राहतो, आणि क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक ॲसिडचं द्रावण लावलं की तेवढा भाग वेगळा खाल्ला जातो आणि अंकाची सावली उमटते. ग्राइंडरने पुसलेला नंबर म्हणून पोलिसांच्या प्रयोगशाळेत परत वाचता येतो. वेल्डिंगचं तसं नाही. लोखंड वितळून पुन्हा गोठलं की दाबलेला थरच उरत नाही. शेजारचा भाग तापून मऊ पडतो. मी तरीही केलं. हातमोजे घालून, उघड्यावर, कापसाच्या बोळ्याने, तासभर. १ आणि ६ स्वच्छ झाले. पुढे लोखंड सगळीकडे सारखं काळं पडलं.

इंजिनचं तर विचारूच नका, तरी सांगतो. ते जाम होतं, म्हणून वजनावर भंगारात दिलं. त्यावरचा नंबर बघितला नाही.

"जाम इंजिनाचं दुसरं काय करणार होतास?" असं तेव्हाचा मी आजही विचारतो. आज त्याला उत्तर आहे. हे साइड वॉल्व्ह इंजिन, म्हणजे वॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि हेड म्हणजे नुसतं झाकण. हेड काढलं की चारही सिलिंडर आणि आठही वॉल्व्ह समोर दिसतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओतायचं (आगीपासून लांब), दोन-तीन आठवडे भर घालत राहायचं. मग फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावून एक दात पुढे, एक दात मागे. स्टार्टर मारायचा नाही. कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पिस्टन सुटले की बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजायचा. मूळ माप ३.१२५ इंच, ६० थाउपर्यंतचे (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन बसतात, त्यापुढे स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी. गंजाने जाम झालेली यातली बरीच इंजिनं अशी सुटतात.

खरं अडतं ते तड्यावर. एक्झॉस्ट वॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामधली भिंत पातळ आहे. वॉटर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत), विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, गाळ साचला की ती तापते आणि केसासारखा तडा जातो. डोळ्याला दिसत नाही. डाय पेनेट्रंटचे तीन डबे आणा: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर तो ब्लॉक घेऊ नका. बदली म्हणून मी तीन ब्लॉक पाहिले, दोघांवर रेघ आली. तिसरा घेतला. तो एमबीचा आहे.

त्याला पुन्हा एक खोच निघाली. सुरुवातीच्या इंजिनांत टायमिंगला, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवायला, चेन; नंतरच्यांत गिअर. चेनवर कॅमशाफ्ट क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलट. ऑइल पंप कॅमवरून चालतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपावरून, म्हणून चेनच्या आणि गिअरच्या इंजिनांच्या ऑइल पंपांचे दाते एकमेकांच्या विरुद्ध तिरके असतात. माझा ब्लॉक चेनचा. बाजारात सहज मिळणारे पंप नंतरच्या जीपांचे, म्हणजे गिअरचे. डबीवर '१३४ इंजिन' एवढंच लिहिलेलं असतं. कव्हर उघडून चेन की गिअर हे बघितल्याशिवाय पंप मागवू नका.

बाकीची मापं ज्यांना हवीत त्यांच्यासाठी: टॅपेटची फट १४ थाउ, इंजिन गार असताना, दोन्ही वॉल्व्हना तेवढंच. पॉइंट २० थाउ, प्लग ३० थाउ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. हेडचे नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी ६० ते ६५ फूट-पाउंड. गरम करून गार झाल्यावर पुन्हा एकदा. वायरिंग सहा व्होल्टचंच ठेवलं. सहा व्होल्टला स्टार्टर उचलत नाही अशी तक्रार असते, तिथे बहुतेक वेळा बारा व्होल्टची बारीक केबल घातलेली असते. व्होल्टेज अर्धं म्हणजे करंट दुप्पट. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत ५० स्क्वेअर एमएमची केबल घाला, इंजिन ते चासी अर्थिंगची वेणी खरवडलेल्या लोखंडावर बसवा. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, तेव्हा पेट्रोल पंपाचा (इंजिनवरच्या) डायफ्राम आणि होज त्याला टिकणाऱ्या रबराचेच घ्या. कार्ब्युरेटरच्या ॲक्सिलरेटर पंपाची चामड्याची वाटीही वर्षातून एकदा काढून बघा.

पत्र्याबद्दल एकच. बॉडीच्या तळाला टोपीच्या आकाराचे जे चॅनेल आहेत त्यांच्या आत लाकडाच्या पट्ट्या आहेत. कोकणातली किंवा घाटावरची गाडी असेल तर ते लाकूड पाणी धरून बसलेलं असतं आणि फरशी तिथून आतून सडते. वरून रंग कितीही चांगला दिसू दे, खालून टोचा मारून बघा.

आता उरला तुमचा दुसरा प्रश्न: फोर्डच्या चासीत विलिजचं इंजिन, मग अस्सल काय राहिलं? यावर माझं स्वतःशीच पटत नाही. एक मन म्हणतं, सैन्याच्या वर्कशॉपमध्येही इंजिनं अशीच बदलली जायची, कोणी अक्षरं बघितली नाहीत. दुसरं म्हणतं, त्यांना युद्ध जिंकायचं होतं, तुला काय घाई होती? २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी दिली, दहा वर्षांसाठी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी. पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. डिझेल घालून तिथे जाता येणार नाही हे नक्की. त्याच मापाचं, त्याच काळातलं, पण दुसऱ्या कारखान्याचं इंजिन घालून जाता यावं की नाही? मला वाटतं यावं. पण हे मला वाटतं, आणि मला काय काय वाटत होतं ते वर लिहिलंच आहे.

आरसीवरचा आजचा चासी क्रमांक उजव्या चॅनेलवर नंतर कधीतरी ठोकलेला आहे. फोर्डच्या ठशाशी त्याचं काही नातं नाही. मात्र डिझेलची नोंद होण्याआधीच्या आरसी बुकात जुन्या इंजिनचा नंबर होता. ते बुक जमा केलं, झेरॉक्स ठेवली नाही. त्या वेळच्या रजिस्टरचा उतारा मिळावा म्हणून अर्ज दिला आहे. मिळाला आणि नंबर १६ ने सुरू झाला, तर पुढचे आकडे बहुधा हेच. दुसरंच काही निघालं, तर इंजिन माझ्याही आधी कोणीतरी बदललेलं होतं. चॅनेलवरच्या अंकांचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा फाइलला लावून ठेवलाय. चॅनेलच्या तेवढ्या भागाला अजून रंग दिलेला नाही, नुसतं तेल लावतो.