डिबेटची जज व्हायचं, तर आधी टीबीचा कागद : माझा अनुभव

कॅलिफोर्नियात ज्यांची मुलं यंदा हायस्कूलला जाणार आहेत आणि स्पीच अँड डिबेटच्या टीममध्ये नाव घालणार आहेत, त्या आईबाबांनी ऑगस्टमध्येच एक काम उरकून घ्यावं. टीबीची तपासणी, आणि तीही रक्ताची. हातावर सुई टोचून करतात ती नको. डिबेटचा आणि टीबीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. पण त्या एका कागदापायी माझ्या लेकीची आणि तिच्या जोडीदारणीची पहिली टूर्नामेंट हुकली. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

इथे टीम शाळेची असली तरी ती चालते पालकांच्या जिवावर. शाळा जितकी मुलं टूर्नामेंटला पाठवणार, त्या हिशेबात जजही तिनेच आणायचे असतात. पब्लिक फोरम या जोडीने खेळायच्या डिबेटच्या प्रकारात साधारण दोन जोड्यांमागे एक जज, भाषणांच्या प्रकारांत पाच-सहा मुलांमागे एक. जज कमी पडले तर मुलांची नावं कापली जातात. ऐनवेळी जज आला नाही तर शाळेला दंड होतो. आमच्या टीमचे कोच एकटे, तेही दिवसभर वर्गात शिकवून संध्याकाळी मुलांना वेळ देणारे. मग जज व्हायचं कुणी? आईने नाहीतर बाबांनी.

पालकांना यातलं काय कळतं, ही भीती कुणी मनात ठेवू नये. पब्लिक फोरम हा प्रकार २००२ साली सुरू झाला तोच मुळी वादविवादाचं शिक्षण न घेतलेल्या माणसालाही ऐकून निकाल देता यावा म्हणून. दोघादोघांच्या दोन जोड्या समोरासमोर, आणि वर्गात बसलेली तुमच्याआमच्यासारखी एक व्यक्ती. मुलं तुमच्याशी बोलत असतात, तुम्हाला पटवत असतात. पालक जज ही काही नाइलाजाने केलेली सोय नाही, तो या प्रकाराचा पायाच आहे. म्हणून तर त्या पालकाला दारातच अडवलं जातं तेव्हा मला जास्त लागतं.

आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाचा) नियम असा की शाळेच्या वतीने मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाने बोटांचे ठसे द्यायचे आणि टीबीचं सर्टिफिकेट द्यायचं. जज, गाडी चालवणारे, मुक्कामी सोबत जाणारे, सगळ्यांना हे लागू. (सगळ्या डिस्ट्रिक्टचे नियम सारखे नसतात. तुमच्याकडे काय लागतं ते शाळा सुरू होण्याआधीच विचारून घ्या.) ठशांचं काम विनासायास झालं.

टीबीसाठी कॅलिफोर्नियात २०१५ पासून आधी प्रश्नावली असते. त्याआधी सरसकट सगळ्यांची तपासणी होत असे. आता प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ आली की नर्स किंवा डॉक्टर सही करतात आणि काम संपतं. माझ्यासोबत फॉर्म नेलेल्या, इथेच जन्मलेल्या एका आईचं काम पार्किंगचं मीटर संपायच्या आत झालं. माझं अडलं ते एका प्रश्नाशी. टीबीचं प्रमाण जास्त असलेल्या देशात तुमचा जन्म झाला आहे का, किंवा तिथे महिनाभर तरी राहिला आहात का? माझा जन्म सांगलीचा. उत्तर ‘हो’, आणि ‘हो’ आलं की तपासणी.

या प्रश्नाबद्दल माझी तक्रार नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास पाव भारतात आहेत. माझ्या आजोळच्या वाड्यात या आजाराने खंगलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. मुलांमध्ये वावरणाऱ्या माणसाची तपासणी व्हायलाच हवी. तक्रार आहे ती पुढच्या सगळ्याबद्दल.

क्लिनिकमध्ये मी सांगितलं की मला लहानपणी बीसीजी, म्हणजे टीबीची लस, टोचलेली आहे. डाव्या दंडावरचा वणही दाखवला. समोरच्या बाईंनी तो पाहिला, मान हलवली आणि हाताच्या आतल्या बाजूला त्वचेखाली सुई टोचली. ‘दोन-तीन दिवसांत येऊन दाखवून जा’ म्हणाल्या. या तपासणीत ४८ ते ७२ तासांच्या आत तिथल्याच माणसाने हात पाहून मोजमाप घ्यायचं असतं. ती वेळ टळली तर पुन्हा पहिल्यापासून. मी वेळेत गेले. हात टरारून सुजला होता. पट्टी लावून मोजलं आणि कागदावर लिहिलं, पॉझिटिव्ह.

बीसीजी घेतलेल्या माणसाची ही त्वचेची तपासणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. हे काही गुपित नाही. रक्ताच्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, आणि बीसीजी घेतलेल्यांसाठी तीच करावी असं इथली सरकारी आरोग्य यंत्रणाच सांगते. दंडावरचा वण बघूनही मला हे कुणी सांगितलं नाही. ज्या शहरात शाळेच्या दारात उभं राहिलं की तेलुगू, तमिळ, गुजराती, मराठी सगळं कानावर पडतं, तिथल्या क्लिनिकला हे रोजचं असायला हवं!

आता पॉझिटिव्ह आलं म्हणजे छातीचा एक्स-रे. त्याची वेळ मिळायला थांबावं लागलं. मधल्या दिवसांत घरात जो ताण होता तो मी विसरणार नाही. मला खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही, हे मला कळत होतं. तरीही रात्री जाग आली की लेकीच्या खोलीचं दार बंद आहे ना ते मी बघून यायची. सासूबाईंचा पुण्याहून फोन आला तर मी विषय काढायची नाही. एक्स-रे स्वच्छ आला. रिपोर्टची प्रत घेऊन मी थेट डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात गेले.

तिथे खिडकीपलीकडच्या बाईंनी रिपोर्ट वाचलासुद्धा नाही. ‘हे चालणार नाही, सर्टिफिकेट हवं.’ मी म्हटलं, यात स्पष्ट लिहिलंय की फुप्फुसं निरोगी आहेत. ‘सर्टिफिकेट वेगळं असतं, त्यावर डॉक्टरांची सही लागते.’ तो फॉर्म द्या, म्हटलं. ‘तुमच्या डॉक्टरांकडे असेल.’ क्लिनिकमध्ये गेले तर ते म्हणाले, फॉर्म डिस्ट्रिक्टने द्यायचा असतो. पुन्हा खिडकीशी. तिथे त्या दिवशी वेगळ्या बाई होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि दोन पानांचा कागद पुढे सरकवला. पहिल्या पानावर प्रश्नावली आणि दुसऱ्या पानावर सर्टिफिकेट. हाच कागद पहिल्या दिवशी माझ्या हातात पडला असता तर?

क्लिनिकने त्यावर सही करायला नकार दिला. कारण काय, तर तपासणी पॉझिटिव्ह आहे, आता तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून ठरवावं. डॉक्टरांची जवळची वेळ मिळेना. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर कळतात म्हणून मी रोज सकाळी फोन लावायची.

इकडे टूर्नामेंटची नावं द्यायची शेवटची तारीख आली. कोचनी मला स्वतः फोन केला. त्यांचा स्वर अगदी अजिजीचा होता. त्यांच्याकडे मंजुरी मिळालेले जज मोजकेच होते, त्यात बसतील तेवढ्याच जोड्या ते पाठवू शकत होते. नवव्या इयत्तेतल्या नव्या जोड्या मागे राहिल्या. त्यांत माझी लेक होती.

हे एवढं जिव्हारी का लागावं, ते सांगते. पब्लिक फोरमचा विषय देशभर एकच असतो आणि हंगामाचा पहिला विषय सप्टेंबर-ऑक्टोबरपुरता असतो. नोव्हेंबर उजाडला की नवा विषय. राउंडच्या आधी नाणं उडवून बाजू ठरते, त्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. या दोघी मुलींनी उन्हाळ्याची सुट्टी संपल्यापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर अहवाल पसरून, आकडे शोधून, एकमेकींना उलटतपासणीचे प्रश्न विचारून दोन्ही बाजू बांधल्या होत्या. तो विषय न बोलताच संपला. लेक मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त म्हणाली, ‘आई, तू जाऊ दे, नोव्हेंबरचा विषय पण चांगला आहे.’ त्या समजूतदारपणानेच मला जास्त त्रास झाला.

शेवटी डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी दंडावरचा वण पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘रक्ताची का नाही केली?’ रक्त घेतलं. रिपोर्ट निगेटिव्ह. एक्स-रे होताच. त्यांनी दुसऱ्या पानावर सही केली, तारीख घातली. तो कागद घेऊन मी गाडीत बसले आणि खूप रडले. मग ऑफिसात जाऊन कागद दिला. आधी मात्र त्याची प्रत काढून घेतली. सर्टिफिकेट ४ वर्षं चालतं, म्हणजे नववीत काढलं तर बारावी पार होते. धाकटं भावंड असेल तर त्यालाही उपयोगी पडेल.

आता पुढचं. टूर्नामेंटचा सगळा कारभार टॅबरूम या वेबसाइटवर चालतो. तिथे स्वतःचं खातं उघडा आणि ते शाळेशी जोडायला कोचना सांगा. खात्यात ‘पॅराडाइम’ नावाची जागा असते. तुम्हाला काय आवडतं, काय कळतं, ते तिथे लिहायचं. मुलं राउंडआधी ते खरोखर वाचतात. मी लिहिलं आहे : मी पालक आहे, सावकाश बोला, पुरावा कुठला ते सांगा, आणि शेवटी तुमचा मुद्दा त्यांच्या मुद्द्यापेक्षा वजनदार का ते समजावा. ते न लिहिलं तर काही जोड्या इतक्या भरभर बोलतात की हातातलं पेन थांबतं.

एका राउंडला साधारण पाऊण तास लागतो. चार-चार मिनिटांची पहिली भाषणं, मग तीन मिनिटांची प्रश्नोत्तरं, मग खंडनं, आणि शेवटी प्रत्येक बाजूला दोन मिनिटांचा निष्कर्ष. दोन रंगांची पेनं न्या. कागद आडवा धरून रकाने पाडा, प्रत्येक भाषणाला एक. समोरच्याने एखादा मुद्दा खोडलाच नाही, तर तो रकान्यात तसाच उभा राहतो आणि निकाल आपोआप दिसायला लागतो. आपल्या शाळेच्या मुलांचं बॅलट, म्हणजे निकाल आणि त्याचं कारण लिहायचा कागद, आपल्याला मिळत नाही, त्यामुळे त्या धास्तीने कुणी मागे राहू नये.

मी मराठी शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलगी. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथून सुरुवात, पाठ केलेलं भाषण, शेवटी एखादी कविता. त्या शिक्षणाचा मला आजही अभिमान आहे, त्यानेच माझी भीड चेपली. इथे त्याच्या सगळ्यात जवळचा प्रकार म्हणजे ओरिजिनल ओरेटरी : दहा मिनिटं, स्वतः लिहिलेलं, पाठ केलेलं. डिबेटमध्ये मात्र चौदा वर्षांची मुलगी समोरच्या मुलाला शांतपणे विचारते, ‘हा आकडा कुठल्या वर्षाचा?’ आणि तो कागद काढून दाखवतो. आमच्या वेळी असं कुणी विचारायला शिकवलं नाही. माझी लेक ते शिकते आहे, आणि दुसऱ्यांच्या मुलांना ते करताना मी पहिल्या बाकावरून बघते, याचा मला फार आनंद आहे.

बॅलटवर कारण लिहायला कंटाळू नका. ‘छान बोललात’ याचा मुलांना काही उपयोग नाही. कुठल्या वाक्यामुळे निकाल फिरला ते लिहा. माझ्या एका बॅलटबद्दल दुसऱ्या शाळेच्या कोचनी आमच्या कोचपाशी निरोप दिला की त्यांच्या हरलेल्या जोडीला त्यातून सगळ्यात जास्त कळलं. तो निरोप मी नवऱ्याला, आईला, सासूबाईंना, सगळ्यांना सांगितला.

एक राहिलंच. राउंड सुरू करताना टॅबरूमवरचं स्टार्टचं बटण दाबायचं असतं. नाहीतर जज आलाच नाही असं समजून तुमच्या शोधात माणूस पाठवतात. फोनला पुरेल इतकी बॅटरी सोबत असू द्या. फेब्रुवारीत स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मोठ्या टूर्नामेंट असतात. तिथे इमारतींमधून भरपूर चालावं लागतं, तेव्हा बूट साधे घाला. मुली कोटाचा सूट घालतात, आपल्याला तशी सक्ती नसते.

आणि क्लिनिकला फोन कराल तेव्हा आधी एवढंच विचारा : ‘शाळेच्या स्वयंसेवकासाठी टीबीची रक्ततपासणी करता का, आणि निगेटिव्ह आली तर सर्टिफिकेटवर सही तुम्हीच करता का?’ दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच वेळ घ्या. डिस्ट्रिक्टचा दोन पानी फॉर्म आधी हातात घ्या, मग जा. आधी कधी त्वचेची तपासणी पॉझिटिव्ह आली असेल तर त्याचे आणि एक्स-रेचे जुने कागद सोबत न्या. नवऱ्याचाही कागद त्याच दिवशी करून टाका, कारण एक जण आजारी पडला तर टीमला दुसरा लागतोच. आमच्याकडे आता दोघांचेही तयार आहेत.