कौलारू छपराची दुरुस्ती आणि न जुळणारी कौले: माझा अनुभव

साताऱ्यातील आमच्या घराचे छप्पर मंगळुरी कौलांचे आहे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपात भिंतींना तडे गेल्यानंतर आजोबांनी संपूर्ण घराची डागडुजी केली आणि तेव्हाच ही कौले घातली. गेल्या पावसाळ्यात माजघरात आणि पश्चिमेच्या खोलीत गळती सुरू झाली, तेव्हा जो तो कौले उतरवून पत्रा टाकण्याचा सल्ला देत होता. वासे सागवानी आणि ठणठणीत असताना केवळ वरचे आवरण जुने झाले म्हणून अख्खे छप्पर मोडीत काढणे मला पटले नाही.

पाहणीचे काम सुतारकाकांनी एका सकाळी उरकले. पाणी जिथे टपकते त्याच्या नेमके वर छिद्र असतेच असे नाही, कारण फुटक्या कौलातून आलेले पाणी रीपेवरून, म्हणजे कौले टेकतात त्या आडव्या लाकडी पट्टीवरून, वाशावर येते आणि वाशाच्या उतारावरून वाहत जाऊन भलतीकडेच पडते. वाशांची भिंतीत रुतलेली टोके त्यांनी पेचकसाने टोचून पाहिली, कारण ओल आणि वाळवी यांचा शिरकाव आधी तिथेच होतो. दोन वाशांची टोके पोकळ निघाली. तिथे जोड दिला. काही रीपा बदलल्या. यात कुठेही अडचण आली नाही.

अडचण आली ती कौलांची. फुटकी, पोपडे सुटलेली आणि पाणी पिणारी कौले बाजूला काढल्यावर बरीच तूट पडली. विक्रेत्याकडे मी जुन्या कौलाचा नमुना घेऊन गेलो होतो, तरी त्याने तो हातातही न घेता ‘मंगळुरी कौल सगळीकडे सारखेच असते’ असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. वास्तविक भारतीय मानक 654 मध्येच या कौलांची 410 × 235, 420 × 250 आणि 425 × 260 मिलिमीटर अशी तीन मापे दिलेली आहेत, आणि माप एकच असले तरी दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसतील याची खात्री नसते. हे ज्याचा रोजचा धंदा आहे त्याला ठाऊक नसेल, असे मानायला मी आजही तयार नाही.

त्यानंतर ‘गाडी निघाली आहे’, ‘उद्या नक्की’, ‘चालकाचा फोन लागत नाही’ ही उत्तरे ऐकत मे महिना सरत आला. अर्धे छप्पर उघडे, त्यावर ताडपत्री, आणि एका संध्याकाळी यवतेश्वरच्या बाजूने वळीव असा कोसळला की ताडपत्रीचे एक टोक सुटून माजघरातील धान्याच्या कणग्या भिजल्या. आईने रात्रभर घरातली भांडी पाण्याखाली लावली. त्या रात्रीचा संताप अजून ओसरलेला नाही.

शेवटी कौले आली ती मोठ्या मापाची. काकांनी जुन्या कौलाशेजारी नवे ठेवले, तर नव्याची कड जुन्याच्या खाचेत बसेना आणि दोघांमध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. त्या सांध्यावर तांब्याभर पाणी ओतताच ते सरळ खाली रीपेवर उतरले. लांबीचाही प्रश्न होताच: ओळीमागे सेंटीमीटरभर फरक पडला, तरी आढ्यापर्यंत जाता जाता तो चार बोटांहून जास्त होतो आणि रीपांचे सगळे गणित चुकते. विक्रेत्याने माल परत घेण्यास नकार दिला आणि फटीत सिमेंट भरण्याचा सल्ला दिला. तो कोणीही मानू नये. लाकूड उन्हापावसाने हलते, सिमेंट हलत नाही. त्यामुळे तडा जातो आणि पुढच्या वेळी एक कौल काढताना शेजारची चार फुटतात.

मार्ग काकांनीच काढला. “दादा, चांगली जुनी कौलं सगळी पश्चिमेच्या पाख्याला घेऊ, मागचं पाखं नव्यानं भरू,” असे ते म्हणाले. पाखे म्हणजे छपराची एक उतरती बाजू. त्याप्रमाणे मागच्या पाख्यावरील रीपा उखडून नव्या मापाने ठोकल्या. पश्चिमेच्या पाख्याला जी थोडी कौले कमी पडली, ती पाडल्या जाणाऱ्या एका जुन्या वाड्यातून मिळाली. पाठीवरचा शिक्का आमच्याच कौलांचा होता. दोन्ही पाखी आपापल्या जातीची राहिली, दोन्हींची कौले घट्ट बसली, आणि मृगाच्या पहिल्या पावसात एक थेंबही आत आला नाही. त्या क्षणी मला काकांचा फार अभिमान वाटला.

जुने कौल घेताना बोटाच्या सांध्याने वाजवून पाहावे: खणखणीत वाजले तर घ्यावे, बद्द वाजले तर त्यात बारीक तडा असतो. पैसे देण्यापूर्वी नव्या मालातील चार कौले आपल्या छपरावर प्रत्यक्ष बसवून पाहावीत, आणि माप पावतीवर लिहून घ्यावे. भिंत आणि छप्पर यांच्या सांध्याबद्दल सांगायचे राहिले: तिथे दरवर्षी सिमेंट थापण्याऐवजी भिंतीत खाच पाडून जस्ताचा पत्रा आत घुसवावा आणि कौलांवर उतरता ठेवावा, पश्चिमेच्या खोलीतील गळती त्यानेच थांबली. छपरावर चढणाऱ्याला आडवी फळी टाकून द्यावी, कारण निम्मी कौले पायाखाली फुटतात. हे काम होळी झाली की लगेच सुरू करावे, म्हणजे माल चुकीचा आला तरी तो बदलायला पावसाच्या आधी वेळ उरतो.