सुलतानाच्या ताटातील भरीत

मागील महिन्यात मुलाने आम्हा उभयतांना मुंबईतील एका उंची तुर्की उपाहारगृहात नेले. ‘सुलतानाला आवडले’ अशा अर्थाच्या नावाचा, ‘हुंकार बेएंदी’ हा पदार्थ समोर आला आणि यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वावरात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) जाळावर वांगी भाजताना जो वास दरवळतो, अगदी तोच वास आला. तेथे भाजलेल्या वांग्याच्या गरात दूध, लोणी, मैदा व चीज घोटून वर मऊ शिजवलेले मटण वाढतात. आमच्याकडे हिरवी मिरची, कांद्याची पात आणि जवसाचे तेल. मला आपलेच भरीत अधिक रुचते, पण त्या गराचा मऊपणा खरोखर अपूर्व होता.

शेवटी पिस्त्याचा बाकलावा, म्हणजे पातळ पदरांची गोड मिठाई, आला. तुर्कस्तानातील गाझिआंतेप शहराच्या बाकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले आहे. हिने त्याचा एक पदर अलगद उचलून दिव्यासमोर धरला, तर पलीकडचा उजेड आरपार दिसत होता.